‘टॅलेंट असेल तर पहिल्या दिवसापासून खेळवा’: त्या फॉरवर्डेड मेसेजचा एकदा हिशोब करूया

मार्च, म्हणजे अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय टूर्नामेंट (एनसीएए), जवळ आला की आमच्या ग्रुपवर तो मेसेज परत उगवतो. आम्ही कॅरीत राहतो, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात, एका अंगाला ड्यूक, दुसऱ्या अंगाला यूएनसी, एनसी स्टेट तर घरामागेच, तिन्ही बास्केटबॉलवेडी कॉलेजं, त्यामुळे इथे गणपतीच्या मीटिंगमधे वर्गणीचा विषय संपायच्या आत कॉलेज बास्केटबॉलवरून जुंपलेली असते. मेसेज थोडक्यात असा:

“कॉलेजचे कोच सिनियर पोरांना सरकारी नोकरीसारखं प्रमोशन देतात आणि टॅलेंटेड फ्रेशमन बेंचवर सडतात. केंटकी 2012 आणि ड्यूक 2015 नी सिद्ध केलंय, नवी पोरं उतरवा, कप तुमचा. भावी एनबीए स्टारला बेंचवर बसवणारा कोच आंधळा. आणि आता ट्रान्स्फर पोर्टल आल्यावर तर नव्या पोरांचं दुकानच बंद.”

(नवख्यांसाठी: फ्रेशमन म्हणजे कॉलेजात पहिल्या वर्षाचा, सिनियर चौथ्या वर्षाचा, एनबीए ही प्रोफेशनल लीग, ट्रान्स्फर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आणि केंटकी, ड्यूक ही त्या त्या वर्षी चँपियन झालेली कॉलेजं.) खाली टाळ्यांचे चाळीस इमोजी. मी दोन वर्षं गप्प बसलो, पण यावेळी आमच्या एका काकांनी तो मेसेज मलाच उद्देशून टाकला, “हे वाच, मग बोल” म्हणून. वाचलं काका. आता बोलतो.

“केंटकी आणि ड्यूकनी सिद्ध केलंय”

आधी केंटकी 2012. अँथनी डेव्हिस, मायकल किड-गिलख्रिस्ट, मार्क्विस टीग, तिघं फ्रेशमन, तिघं स्टार्टर, आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमधे, म्हणजे एनबीए टीम नवे खेळाडू क्रमानी निवडतात त्यात, पहिला आणि दुसरा नंबर एकाच कॉलेजचा, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण कॅन्ससविरुद्धची फायनल (67-59) काढून बघा, डेव्हिसनी किती पॉइंट केले? 6. दहा शॉट मारले, एक आत गेला. तरी मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर तोच, कारण 16 रिबाउंड (चुकलेले शॉट पकडणं) आणि 6 ब्लॉक (समोरच्याचे शॉट अडवणं), आणि तो मान योग्यच होता. मग पॉइंट कोणी केले तर डोरॉन लँबनी, 22. लँब सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, आणि टेरेन्स जोन्सपण दुसऱ्या वर्षाचा, दोघं आदल्या साली फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चार टीममधे, जाऊन यूकॉनकडून (कनेक्टिकट) एका पॉइंटनी हरून परत आलेले. आणि बेंचवरून कोण यायचं? डेरियस मिलर, चौथ्या वर्षाचा सिनियर, जो दुसऱ्या बऱ्याच टीममधे आरामात स्टार्टर झाला असता. म्हणजे काका, या टीममधे सिनियर बेंचवर होता आणि फ्रेशमन कोर्टवर, तुम्हाला हवं तसंच, पण त्या बेंचवरच्या सिनियरनी तोंड वाकडं केलं असतं तर सगळा डाव तिथेच बसला असता. मेसेजमधे मिलरचं नावसुद्धा नाही.

ड्यूक 2015 तर त्याहून मजेशीर. विस्कॉन्सिनविरुद्ध 68-63, आणि त्या 68 पैकी 60 पॉइंट फ्रेशमनचे. साठ! हा आकडा ऐकला की वाद संपल्यासारखाच वाटतो. पण पूर्ण सीझन बघा. क्विन कुक, सिनियर, कॅप्टन, आयुष्यभर पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल हातात ठेवून डाव रचणारा, खेळलेला माणूस. टायस जोन्स नावाचा फ्रेशमन आला आणि कोच के म्हणजे माइक शशेव्स्कींनी बॉल त्याच्या हातात दिला, कुकला बाजूला, शूटरच्या जागेवर सरकवलं. कुक गेला, आणि त्या जागेवरून सरासरी पंधराच्या वर पॉइंट काढले. फायनलमधे 23 मारून टायस जोन्स हिरो झाला, पण ती किल्ली त्याच्या हातात आधी कोणीतरी स्वतःच्या खिशातून काढून ठेवली होती.

आणि ग्रेसन ॲलन! फायनलमधे विस्कॉन्सिन 9 नी पुढे, ओकाफोर आणि विन्स्लो फाउलच्या लफड्यात, तेव्हा हा पोरगा बेंचवरून उठला आणि ओळीनी 8 पॉइंट टाकून मॅच परत आणली, एकूण 16. सीझनमधे त्याची सरासरी साडेचारच्या आसपास. इथे मी मेसेजवाल्याला अर्धा मार्क देतो, ॲलनला आधी जास्त खेळवायला हवं होतं असं म्हणता येतं, आणि त्याला मिनिटं मिळायला लागली ती पण सीझनच्या मधे ड्यूकचा रोस्टर आठ स्कॉलरशिप खेळाडूंवर आला म्हणून, कोचला साक्षात्कार झाला म्हणून नाही.

आता मेसेजमधे न लिहिलेली वर्षं. 2014, केंटकीनी पाच फ्रेशमन स्टार्ट केले, फायनलला पोचले, आणि यूकॉनच्या शबाझ नेपियर नावाच्या सिनियरनी 22 टाकून 60-54 नी घरी पाठवलं. 2015, केंटकी 38-0, एकही मॅच हरलेले नाहीत, आणि सेमीत विस्कॉन्सिनचा सिनियर फ्रँक कमिन्स्की समोर आला, 71-64, खलास. 2019, ड्यूककडे झायन विल्यमसन, आर जे बॅरेट, कॅम रेडिश एकाच टीममधे, एवढं टॅलेंट एका कोर्टवर मी तरी परत बघितलं नाही, मिशिगन स्टेटकडून एका पॉइंटनी हरले, 68-67. शेवटच्या मिनिटातला तो थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) कोणी मारला? केनी गोइन्स. पाचव्या वर्षाचा, आणि कॉलेजात आला तेव्हा स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून आलेला. बॉल झायनच्या डोक्यावरून गेला. माझा ड्यूकवाला शेजारी त्या रात्री टीव्ही म्यूट करून तासभर नुसता बघत बसला होता, बायकोनी येऊन बंद केला.

2006 च्या ड्राफ्टपासून शाळेतून थेट एनबीएत जायची दारं बंद झाली आणि ‘वन अँड डन’ (एक वर्ष कॉलेज, मग एनबीए) सुरू झालं, तेव्हापासून मुख्य भार फ्रेशमनवर टाकून कप आणलाय तो याच दोन टीमनी. मेसेजमधे नेमक्या त्या दोनच आहेत. लॉटरीत कोणाला लागली तेवढंच सांगायचं आणि तिकिटं किती विकली गेली ते गाळायचं, असला हा प्रकार.

“भावी स्टारला बेंचवर बसवणारा आंधळा”

हा मुद्दा आपल्याला पटकन पटतो त्याचं कारण क्रिकेट. आपल्या डोक्यात बेंच म्हणजे बारावा खेळाडू, ड्रिंक्स घेऊन पळणारा. बास्केटबॉलमधे बदली हवी तितकी, आत-बाहेर कितीही वेळा. कॉलेजची मॅच 40 मिनिटांची, आणि चांगला सहावा माणूस, म्हणजे बेंचवरून पहिला येणारा, त्यातली 20-25 मिनिटं कोर्टवरच असतो. मॅच सुरू करणारे पाच कोण हे फक्त अनाउन्सर ओरडतो तेव्हा महत्त्वाचं. संपवणारे पाच कोण ते बघा.

इथून अर्ध्या तासावरचं उदाहरण, यूएनसी 2005. मार्विन विल्यम्स, फ्रेशमन, अख्ख्या सीझनमधे एकही मॅच स्टार्ट केली नाही. एकही नाही! त्याच्या पुढे शॉन मे, रेमंड फेल्टन, रशाद मकँट्स, सगळे तिसऱ्या वर्षाचे. विल्यम्स मॅचमागे साधारण 22 मिनिटं खेळला, टीमनी इलिनॉयला 75-70 हरवून कप घेतला, आणि जवळपास तीन महिन्यांनी ड्राफ्टमधे त्याचा नंबर दुसरा लागला. नुकसान कोणाचं झालं ते मला कोणीतरी समजावून सांगा. 2017 ला गोन्झागाचा झॅक कॉलिन्स असाच, कार्नोव्स्कीच्या मागे बेंचवर, टीम फायनलला, हा ड्राफ्टमधे दहावा. 2024 ला केंटकीचे रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम, दोघं बहुतेक मॅचेस बेंचवरून, ड्राफ्टमधे तिसरा आणि आठवा. (ती टीम पहिल्याच राउंडला ओकलंडकडून हरली हे खरं. तिथे जॅक गोल्की नावाच्या, डिव्हिजन टू म्हणजे खालच्या गटातून आलेल्या मोठ्या पोरानी 10 थ्री मारले. त्या दिवशी कोणी कोणालाही स्टार्ट केलं असतं तरी काय झालं असतं देव जाणे.)

बरं, मग का बसवतात? खरं कारण डिफेन्स आहे आणि ते हायलाइट्समधे दिसत नाही, म्हणून असल्या मेसेजमधे पण येत नाही. अठरा वर्षांचं पोर हायस्कूलमधे सगळ्यांपेक्षा उंच आणि सगळ्यांपेक्षा वेगवान असतं, त्याला आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या मदतीला कधी धावायचं आणि परत कधी फिरायचं याची गरजच पडलेली नसते, उडी मारली की काम झालं. इथे समोर तेवीस वर्षांचा बाप्या असतो, तो खोटी हूल देतो, पोर उडतं, फाउल. पाच फाउल झाले की बाहेर. म्हणजे सगळ्यात टॅलेंटेड सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) दहाव्या मिनिटाला दोन फाउल घेऊन तुमच्या शेजारी येऊन बसणार, मग तुम्ही त्याला स्टार्ट केलं काय आणि नाही केलं काय.

म्हणून काही कोच मुद्दाम सावकाश घेतात. व्हर्जिनियाच्या टोनी बेनेटनी डीआंद्रे हंटरला पहिलं वर्ष रेडशर्टच केलं, म्हणजे वर्षभर प्रॅक्टिस, मॅच शून्य, पात्रतेचं एक वर्ष शिल्लक. पुढच्या वर्षी बेंचवरून. त्याच्या पुढच्या वर्षी, 2019 ला, टेक्सस टेकविरुद्धच्या फायनलमधे त्यानी 27 मारले, कप आणला आणि ड्राफ्टमधे चौथा गेला. यूकॉनचा डोनोवन क्लिंगन घ्या, 2023 ला ॲडामा सनोगोच्या मागे मॅचमागे जेमतेम 13 मिनिटं, टीम चँपियन, 2024 ला स्टार्टर, टीम परत चँपियन. त्या तेरा मिनिटांत त्यानी काय केलं? रोज प्रॅक्टिसला सनोगोचे धक्के खाल्ले. ही फी असते.

“सिनियॉरिटी म्हणजे सरकारी प्रमोशन”

कधी कधी असते. इथे मी भांडत नाही. आमच्या यूएनसीचंच घ्या, 2022 ला फायनल खेळले, पाचपैकी चार स्टार्टर परत आले, सीझनच्या आधी देशात पहिला नंबर, आणि 2023 च्या एनसीएए टूर्नामेंटमधे निवडच झाली नाही. टूर्नामेंट 64 टीमची झाल्यापासून असं कोणाचंच झालं नव्हतं. अनुभव ढिगानी होता, बॉल फिरत नव्हता. तो सीझन बघितलेला माणूस ‘अनुभव अनुभव’ करत नाचणार नाही.

आणि नवी पोरं जुन्यांना भारी पडतात हे काही आजचं नाही. 1972-73 च्या आधी फ्रेशमनना मुख्य टीममधून खेळायला बंदीच होती. 1965 च्या नोव्हेंबरमधे यूसीएलएच्या फ्रेशमन टीमनी स्वतःच्याच मोठ्या टीमला, जी लागोपाठ दोन वर्षं चँपियन होती, तिला 75-60 असं धुतलं. लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, 31 पॉइंट. मग नियमामुळे वर्षभर लहान टीममधूनच खेळला. खरं सरकारी प्रमोशन ते! तेव्हा कोचच्या हातातच काही नव्हतं, आजच्या कोचला रोज निवड करावी लागते आणि हरला तर नोकरी जाते. ज्याची स्वतःची नोकरी टांगणीला तो लाडक्या पोराला वशिल्यानी खेळवेल असं मला तरी वाटत नाही. चुका करतात, भरपूर करतात, पण त्या चुका भीतीच्या असतात. दोन मिनिटं राहिली की ज्याच्या हातून बॉल सुटणार नाही असा माणूस हवासा वाटतो.

असा माणूस का हवासा वाटतो त्याचं उत्तर 2025 ची सेमी. ड्यूककडे कूपर फ्लॅग, देशातला सर्वोत्तम खेळाडू, फ्रेशमन. सोबत नुपल आणि मालुआच, तेही फ्रेशमन. ह्यूस्टनविरुद्ध अर्धं मिनिट राहिलं असताना 6 नी पुढे. ह्यूस्टननी शेवटचे 9 पॉइंट ओळीनी केले, 70-67. त्यात रिबाउंडवर फ्लॅगचा फाउल झाला तो जुवॉन रॉबर्ट्सवर, कॉलेजात सहावं वर्ष, फ्री थ्रोला तसा कच्चाच, पण दोन्ही आत घातले. पुढच्या खेपेला फ्लॅगनी शॉट घेतला तेव्हा समोर हात वर करून उभा होता तोही रॉबर्ट्सच. शॉट आखूड पडला. फ्लॅग वाईट खेळला का? अजिबात नाही, त्याच्याशिवाय ड्यूक तिथे पोचलंच नसतं.

“पोर्टलनी नव्या पोरांचं दुकान बंद”

वरती म्हणायचं नव्यांनाच खेळवा, खाली म्हणायचं नवे संपले. असो. पोर्टल 2018 ला सुरू झालं, 2021 पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बसायची अट गेली, त्याच वर्षी पोरांना नावावर पैसे कमवायची मोकळीक मिळाली, कोव्हिडमुळे एक जादा वर्ष मिळालं, त्यामुळे कोचला तयार, तेवीस वर्षांचा, दाढीवाला खेळाडू बाजारात मिळायला लागला हे खरं. पण म्हणून फ्रेशमन संपले म्हणता तर आत्ता सांगितलेलं 2025 चं ड्यूक कुठे बसवायचं? 2024 ला यूकॉननी स्टेफन कॅसल या फ्रेशमनला कॅम स्पेन्सर आणि ट्रिस्टन न्यूटन या दोन बाहेरून आलेल्या अनुभवी गार्डच्या मधे ठेवला आणि परड्यूला 75-60 नी चिरडलं. आमच्या एनसी स्टेटनी त्याच वर्षी फायनल फोर गाठली ती डीजे बर्न्सच्या जोरावर, तिसऱ्या कॉलेजात खेळणारा तो धिप्पाड माणूस, ड्यूकविरुद्ध 29.

आणि 2025 चा चँपियन फ्लोरिडा. वॉल्टर क्लेटन, सिनियर, पहिली दोन वर्षं आयोना नावाच्या छोट्या कॉलेजात, नंतरची दोन फ्लोरिडात. फायनलमधे ह्यूस्टननी त्याला पहिल्या हाफमधे शून्यावर ठेवलं, दुसऱ्यात 11, आणि शेवटच्या सेकंदाला तो ह्यूस्टनच्या शूटरवर असा झेपावला की त्या पोराला शॉट घेताच आला नाही, बॉल हातातून सोडून द्यावा लागला, 65-63. काका, आता याला तुमच्या मेसेजात कुठे टाकायचं तेवढं सांगा, त्याच्या दोन वर्षं आधी फ्लोरिडाच्या प्रॅक्टिसला पहिल्यांदा आला तेव्हा प्लेबुक त्यालाही नवंच होतं.