‘जैसे थे’ म्हणजे नक्की कुणाचं?

परवा वर्गात अनुच्छेद २४३ यू शिकवत होतो. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक उरकलेली हवी. घटनेत इतकी सरळ कलमं फार नाहीत. कोपरखैरण्याची एक मुलगी म्हणाली, “सर, मी अठराची झाले तेव्हा आमच्या पालिकेची मुदत संपली होती. पालिकेसाठी पहिलं मत दिलं ते एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. मग कलम मोडलं कुणी?”

मी “कोविड” असं काहीतरी पुटपुटलो. तिने मान हलवली, पण पटलं नव्हतंच. मलाही नव्हतं.

नवी मुंबईची मुदत मे २०२० मध्ये संपली, तेव्हा खरंच इलाज नव्हता. पण ठाण्याची संपली मार्च २०२२ मध्ये. दोन्हीकडे मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. तोवर आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव त्यांच्याच प्रशासनाचा, मंजुरीही त्यांचीच. नेरुळच्या आमच्या सोसायटीतसुद्धा सेक्रेटरीला असं करू देत नाहीत.

सरकारांना शिव्या घालणं सोपं आहे. एकाने वॉर्ड वाढवले, दुसऱ्याने येऊन ते फिरवले, घाई कुणालाच नव्हती. राजकारणी राजकारण करणारच. माझा राग कोर्टावर आहे, आणि कोर्ट नाक्यावरच्या वकील मित्रांना हे आवडणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा गवळी निकाल मला मान्य आहे. स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर त्यासाठी समर्पित आयोग हवा, त्या त्या संस्थेची आकडेवारी हवी आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांत हवं. मे २०२२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करायला सांगितलं. जुलैत त्या समर्पित आयोगाचा, म्हणजे बांठिया आयोगाचा, अहवाल स्वीकारला. इथवर ठीक. मग ऑगस्टमध्ये प्रभागांचा वाद आला आणि आदेश झाला, ‘जैसे थे’. पाच आठवड्यांसाठी! ते पाच आठवडे मे २०२५ पर्यंत चालले.

आणि तेव्हा कोर्ट काय म्हणालं? बांठिया अहवालाआधी जे ओबीसी आरक्षण होतं, तेच धरून निवडणुका घ्या. अहो, मग हे २०२२ मध्ये लिहायला कुणी हात धरला होता? अंतिम निकालाच्या अधीन राहून निवडणूक तेव्हाही घेता आली असती. २०२५ च्या आदेशातही चार महिन्यांची मुदत दिली होती, ती पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली.

मित्र म्हणतो, “अरे, मॅटर बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत यायचं, पण त्याचा नंबरच लागायचा नाही. न्यायाधीश तरी काय करणार?” असेल. पण हेच न्यायालय २००६ मध्ये, किशनसिंग तोमर प्रकरणात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडून सांगून बसलंय की निवडणूक वेळेत घेणं निवडणूक आयोगाचं कर्तव्य आहे, आणि सरकार सहकार्य करत नसेल तर आयोगाने कोर्टात यावं. कोर्टात आल्यावर कोर्टच थांबलं तर पुढे कुठे जायचं, हे त्या निकालात नाही.

वाद प्रभागांचा होता, आरक्षणाचा होता. ‘जैसे थे’ राहिला तो प्रशासक. अंतरिम आदेशात दोन्ही बाजू थांबतात असं आम्ही शिकवतो. इथे मतदार तेवढे थांबले. सुनावणी न होणं हाही निकालच असतो, फक्त त्यावर अपील करता येत नाही.

तास संपल्यावर ती मुलगी आली. “सर, पेपरात २४३ यू आलं तर काय लिहू?”

म्हटलं, कलम जसंच्या तसं लिही. मार्क मिळतील.