थायरॉइड म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, गोळी बंद करू नका

"थायरॉइड हा आजारच नाही, ती गळ्यातल्या ग्रंथीला झालेली अ‍ॅलर्जी आहे. म्हणून अंगावर पित्त उठतं. अ‍ॅलर्जीची टेस्ट करा, गहू-दूध सोडा. तीन महिन्यांत अँटिबॉडी शून्य, गोळी कायमची बंद." हा मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. जूनमध्ये एक ताई तो मोबाइलवर उघडूनच काउंटरशी आल्या. दोन महिने गोळी बंद. चेहरा सुजलेला, आवाज जड. रक्त घ्यायला बाही वर केली तर दंडावर रुपयाएवढ्या लाल गांधी आणि त्यांवर आमसूल चोळल्याचे डाग. टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी पडली की वाढणारा हार्मोन, ८० च्या पुढे निघाला. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

पहिला दावा: हा आजार म्हणजे अ‍ॅलर्जीच. अ‍ॅलर्जीत शरीर बाहेरच्या वस्तूवर चवताळतं. धूळ, परागकण, शेंगदाणा, कोळंबी. हे काम मुख्यतः आयजीई नावाच्या अँटिबॉडीचं, म्हणजे रक्तातल्या एका लढाऊ प्रथिनाचं. तिच्यामुळे मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटतं आणि काही मिनिटांत खाज, शिंका सुरू होतात. हाशिमोटोच्या आजारात, म्हणजे थायरॉइड मंदावणाऱ्या नेहमीच्या आजारात, शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आत शिरतात आणि वर्षानुवर्षं ती पोखरत राहतात. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींत हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. तुमच्या रिपोर्टवरच्या अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीतल्या टीपीओ या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी प्रामुख्याने आयजीजी या वेगळ्या जातीच्या असतात. सर्दी-खाजेची गोळी घेऊन ग्रंथी वाचत नाही ती यामुळेच.

पित्ताच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नीट सांगायला हवं. सहा आठवड्यांहून जास्त काळ वारंवार पित्त उठणाऱ्यांत थायरॉइडच्या अँटिबॉडी इतरांपेक्षा जास्त सापडतात. हे डॉक्टरांना १९८० च्या दशकापासून माहीत आहे. पुढे तर अशा काही रुग्णांत टीपीओविरुद्धची आयजीईही सापडली, म्हणजे अ‍ॅलर्जीचं हत्यार स्वतःच्याच ग्रंथीतल्या प्रथिनावर रोखलेलं. जपानमध्ये सीडरच्या परागकणांनी नाक वाहू लागल्यावर ग्रेव्ह्जच्या (ग्रंथी अति काम करते त्या आजाराच्या) काही रुग्णांचा आजार उसळल्याच्याही नोंदी आहेत. हे नातं खरं आहे आणि मला ते फार विलक्षण वाटतं. पण त्यावरून दोन्ही आजार एकच ठरत नाहीत. हाशिमोटोच्या बहुतेक रुग्णांना पित्त उठत नाही, आणि पित्त उठणाऱ्या बहुतेकांची ग्रंथी ठणठणीत असते. टीएसएच नॉर्मल असेल तर केवळ पित्तासाठी थायरॉइडची गोळी देत नाहीत. पित्तावर झोप न आणणारी अँटिहिस्टामिन रोज देतात, लागलं तर डॉक्टर तिचा डोस चौपटीपर्यंत नेतात. त्यानेही भागलं नाही तर आयजीईला बांधून ठेवणारं ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे. महिनोन्महिने आमसूल चोळत बसायची गरज नाही.

आता ती टेस्ट. शंभर-दोनशे पदार्थांचं जे महागडं पॅनेल गळ्यात मारलं जातं, त्यात बहुधा आयजीजी मोजतात. पदार्थाविरुद्धची आयजीजी एवढंच सांगते की तुम्ही तो पदार्थ खाता. रोज पोळी खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाची आयजीजी दिसली तर नवल काय? युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. लोक कष्टाचे पैसे यात घालतात आणि वर लेकराचं दूध तोडतात, हे मला बघवत नाही.

गहू सोडायचा का? सीलिअ‍ॅक हा गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा करणारा आजार असेल तर हो, अगदी काटेकोर. थायरॉइडच्या या रुग्णांत तो थोडा जास्त आढळतो. पण सीलिअ‍ॅकही अ‍ॅलर्जी नव्हे, आणि त्याची टीटीजी नावाची रक्तचाचणी गहू चालू असतानाच करायची असते. आधी गहू सोडला तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते.

सगळ्यात घातक वाक्य गोळीचं. थायरॉक्सिनचं, म्हणजे गोळीतल्या हार्मोनचं, रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. म्हणून बंद केल्यावर आठवडाभर काहीच जाणवत नाही, आणि माणूस आनंदाने तोच मेसेज पुढे पाठवतो. अँटिबॉडी कमी झाल्या तरी पोखरलेली ग्रंथी पुन्हा उगवत नाही. डोस ठरतो तो टीएसएचवर. बाळंतपणानंतरच्या थायरॉइडमध्ये कधीकधी गोळी सुटते, पण ती तपासणी करून आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. गर्भारपणात तर डोस बहुधा वाढवावा लागतो.

ग्रेव्ह्जसाठी कार्बिमॅझोल ही ग्रंथीला आवर घालणारी गोळी घेणाऱ्यांना त्या औषधानेच पुरळ किंवा पित्त उठू शकतं. तसं झालं तर डॉक्टरांना कळवा. ताप आणि घसा दुखणं आलं तर ही गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्या, कारण क्वचित ती त्या पेशी फार घटवते.

त्या ताईंची गोळी डॉक्टरांनी लगेच सुरू केली. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. सहा आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा आवाज मोकळा होता आणि टीएसएच बराच उतरला होता. पित्त अजून अधूनमधून उठतं. त्याची गोळी वेगळी चालू आहे.