व्हिशेग्रादचा पूल आणि दोन जनगणना

बाल्कन फिरून आलेल्यांच्या फोटोंत हल्ली बोस्नियातल्या व्हिशेग्रादचा पूल हमखास असतो. हिरवीगार द्रिना नदी, ११ दगडी कमानी आणि खाली ओळ, ‘काळ थांबलेलं गाव’. पूल देखणा आहेच. पण मला एक खोड आहे, फोटो बघून झाला की मी गावाची लोकसंख्या शोधतो.

१९९१ साली आसपासची खेडी धरून तिथे २१ हजारांवर माणसं होती. त्यात ६३ टक्के बोस्नियाक मुसलमान, उरलेल्यांत बहुतेक सर्ब. २०१३च्या जनगणनेत उरली साडेदहा हजारांच्या आसपास. सर्ब ८७ टक्के, बोस्नियाक जेमतेम १०. पोटापाण्यासाठी लोक बाहेर पडले म्हणून आकडे असे उलटेपालटे होत नाहीत.

मधे १९९२ आहे, बोस्नियातल्या युद्धाचं वर्ष. जूनच्या १४ तारखेला पियोनिर्स्का रस्त्यावरच्या एका घरात सर्ब टोळीने बोस्नियाक बायका, पोरं, म्हातारी माणसं कोंडून घर पेटवून दिलं. २७ तारखेला गावातल्याच बिकावात्स वस्तीत पुन्हा तेच. आणि या फोटोतल्या पुलावर माणसं मारून नदीत टाकली. २०१० साली खालच्या अंगाच्या पेरुचात्स धरणाचं पाणी दुरुस्तीसाठी उतरवलं, तेव्हा गाळातून हाडं निघाली.

पुलाची गोष्ट मात्र सगळे चवीने सांगतात, आणि ती आहेही तशीच. याच भागातल्या ख्रिस्ती घरातलं पोर उस्मानी फौजेसाठी उचलून नेलं. ते पुढे वजीर झालं, मेहमेद पाशा सोकोलोविच. त्याने उस्मानी दरबारचा वास्तुकार सिनान याच्याकडून हा पूल बांधून घेतला, १५७७ साली पुरा झाला. दोन्ही महायुद्धांत कमानी उडाल्या, पुन्हा बांधल्या. २००७ साली युनेस्कोच्या यादीतही नाव लागलं.

२०१४च्या जूनमध्ये पुलाजवळच पर्यटकांसाठी नवंकोरं दगडी ‘जुनं’ गाव उघडलं, याच पुलावर कादंबरी लिहिणाऱ्या नोबेलविजेत्या इवो आंद्रिचच्या नावाने. त्याच वर्षी जानेवारीत मुसलमानांच्या कब्रस्तानातल्या स्मारकावरचा ‘वंशसंहार’ हा शब्द अधिकाऱ्यांनी ग्राइंडर लावून घासून काढला होता. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने त्या सर्ब टोळीचा म्होरक्या मिलान लुकिचला जन्मठेप दिली ती मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आणि युद्धगुन्ह्यांसाठी, वंशसंहारासाठी नाही, हे मला माहीत आहे. शब्दावर वाद घाला की, कोर्टात घाला, पेपरात घाला. पण मेलेल्यांच्या दगडाला ग्राइंडर?

आणि त्या फोटोखाली आपण लिहितो, काळ थांबलाय म्हणे.