मंडळीच्या अ‍ॅपआधी मंडळीची गीते

गेल्या रविवारी उपासनेनंतरच्या बैठकीत आपल्या मंडळीसाठी, म्हणजे बेळगावातल्या आपल्या चर्चसाठी, मोबाइल अ‍ॅप घ्यावे, असा प्रस्ताव आला आणि बहुतेकांनी तो उचलून धरला. माझाही त्याला पाठिंबा आहे. मात्र ज्या क्रमाने आपण हे काम करायला निघालो आहोत, तो क्रम मला उलटा वाटतो. बैठकीत मिळालेल्या दोन मिनिटांत ते नीट मांडता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

त्या दिवशी पडद्यावर जो नमुना दाखवला गेला, त्यात पहिल्याच पानावर दानाचे मोठे बटण होते, त्याखाली पाळकांचा संदेश आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक होते. सगळे नीटनेटके होते. मग गीतांचे पान उघडले. आपल्याच उपासनापत्रिकेतून घेतलेले गीत तिथे टाकले होते आणि ओळींच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निव्वळ खिचडा दिसत होता. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. 'हे नको गे, माझे पुस्तकच बरे,' असे म्हणून त्यांनी मांडीवरचे कापडी वेष्टणाचे गीतपुस्तक जवळ ओढले.

यात अ‍ॅप बनवणाऱ्यांचा दोष नाही. आपल्या पत्रिका वर्षानुवर्षे छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या फोनवर मजकूर गेला की मूळची रोमन अक्षरे उघडी पडतात. हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, आणावा लागेल. त्यासाठी रूपांतरणाची साधने आहेत. पण जोडाक्षरे, 'दुसऱ्या'सारख्या शब्दांतला अर्धा र आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत चुका राहतातच. त्या काढायला गीत पाठ असलेला माणूस शेजारी बसावा लागतो. हे काम कोणतीही कंपनी आपल्यासाठी करणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे आणि अ‍ॅपचा करार होण्याआधी करायचे आहे.

मुलांना देवनागरी वाचायला वेळ लागतो, तेव्हा गीते रोमन लिपीत द्यावीत, अशी एक सूचना आली. त्यामागची कळकळ मला समजते. बेळगावात आपली बरीच मुले इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात, आणि मराठी ही त्यांच्यासाठी घरातली व उपासनेतली भाषा उरली आहे. पण म्हणूनच ही सूचना मला पटत नाही. घाटाखाली गोव्यात इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले, तेव्हा आपल्या लिपीचे खिळे हाताशी नव्हते. आज प्रत्येक फोनमध्ये देवनागरी आहे. शाळेत हिंदी शिकणारी मुले ती लिपी ओळखतातच. त्यांना सराव हवा आहे, आणि दर रविवारी चार गीते डोळ्यांसमोर ठेवून गाण्याइतका चांगला सराव दुसरा कोणता? लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले, म्हणजे या गावातल्या ख्रिस्ती उपासनेला दोन शतके होऊन गेली. त्या परंपरेतला मराठीचा धागा आपल्या पिढीच्या हातून, केवळ सोयीसाठी, सुटू नये.

गीतांच्या शब्दांबरोबर चालही हवी. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आणि ओव्या टाळ-पेटीवर कशा उचलायच्या, हे पुस्तकात लिहिलेले नाही. ते आपल्या ज्येष्ठांच्या गळ्यात आहे. प्रत्येक गीतासोबत त्यांच्या आवाजातील पहिल्या कडव्याचे ध्वनिमुद्रण ठेवता आले, तर अ‍ॅपचा सर्वांत मोठा उपयोग तोच ठरेल. टिळक १९१९ मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालणारा स्वामित्वहक्क त्यांच्या रचनांवर आता उरलेला नाही. अलीकडच्या कवींच्या गीतांसाठी मात्र परवानगी घ्यावी लागेल.

हे सर्व इंटरनेटशिवाय चालले पाहिजे. जांबोटी-कणकुंबीकडच्या आपल्या घरांत पावसाळ्यात दोन-दोन दिवस रेंज नसते, आणि घरगुती प्रार्थनासभेत पुस्तके पुरत नाहीत, हा तिथला नेहमीचा अनुभव आहे. तिथे उघडत नसेल, तर ते अ‍ॅप फक्त शहरातल्या सभासदांचे झाले.

आता प्रार्थनाविनंत्यांविषयी. यावर मी थोडी हट्टाने बोलणार आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईची तपासणी झाली, तेव्हा मी एका भगिनीला प्रार्थना करायला सांगितले. तिने प्रेमापोटी आजाराच्या नावासह तो संदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटावर टाकला. संध्याकाळी पुण्याहून मामेबहिणीचा आईला सांत्वनाचा फोन आला. आईला आम्ही आजाराचे नाव अजून सांगितलेले नव्हते. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला आणि बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिली. तिने कोणालाही दोष दिला नाही. पण अ‍ॅपमध्ये प्रार्थनेचे पान असेल, तर विनंती आधी फक्त पाळकांकडे जावी, आणि नाव किंवा आजार सर्वांना दिसावा की नाही, हे विनंती करणाऱ्यानेच ठरवावे, एवढे मी मागते.

सभासदांच्या यादीलाही हाच न्याय लावावा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती घेण्यापूर्वीची संमतीची विनंती स्पष्ट भाषेत असली पाहिजे आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय सभासदाला मिळाला पाहिजे. मराठी, कन्नड, कोंकणी या तिन्ही त्यात आहेत. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. रविवारच्या शब्बाथ शाळेच्या मुलांची नावे आणि वाढदिवस भरण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

दानाबद्दल फार लिहीत नाही. दाराशी क्यूआर कोड आहे, तो पुरेसा आहे. कोणी किती दिले, याची यादी पडद्यावर कधीही येऊ नये.

खर्चाचा विचार मात्र एकदाच करून भागणार नाही. गुगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलरमध्ये होते, पण अ‍ॅपल दर वर्षी ९९ डॉलर घेते, आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांशी जुळवून अ‍ॅप वेळोवेळी सुधारावे लागते. ही खाती मंडळीच्या नावावर असावीत. ती कंपनीच्या नावावर राहिली, तर करार संपल्यावर गीते आणि याद्या परत मागत बसावे लागेल. तरुण संघातल्या मुलांनी सुचवलेला मार्ग मला अधिक परवडणारा वाटतो: फोनच्या पडद्यावर चिन्ह ठेवता येईल आणि एकदा उघडल्यावर इंटरनेटविनाही चालेल असे संकेतस्थळ करावे, आणि गुगल प्लेसारख्या दुकानातले अ‍ॅप पुढे पाहावे.

येत्या रविवारी उपासनेनंतर मी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्याकडे चालींच्या खुणा केलेली जुनी गीतपुस्तके किंवा वह्या आहेत, त्यांनी त्या आणाव्यात. पहिली वीस गीते त्या मावशींसोबत तपासायची, असे आमचे ठरले आहे. त्या वाचतील आणि मी टंकेन.