‘तीन बैठकांत भीती गायब’ हे कुणी सांगितलं?

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: डोक्याला चुंबकाचं मशीन लावा, तीन बैठकांत पॅनिक अटॅक कायमचे जातात, अमेरिकेची मान्यता आहे, साइड इफेक्ट शून्य, गोळ्या आजच बंद करा. उपचार खरा आहे, त्याला टीएमएस म्हणतात. बाकीचं एकेक करून बघू.

मान्यता आहे, पण कशाला? अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये नैराश्यासाठी परवानगी दिली, २०१८ मध्ये ओसीडीसाठी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारासाठी. पुढे २०२१ मध्ये नैराश्याच्या जोडीने येणाऱ्या चिंतेच्या लक्षणांसाठी. नुसत्या पॅनिकसाठी किंवा सततच्या काळजीच्या आजारासाठी नाही. ओसीडीचा दाखला इथे चालत नाही. मानसिक आजारांचं वर्गीकरण करणाऱ्या डीएसएम या अमेरिकन पुस्तकाने २०१३ मध्येच त्याला चिंताविकारांच्या गटातून वेगळं काढलं. संशोधन चालू आहे, काही निकाल आशादायकही आहेत. पण बरं वाटेल या आशेनेच घाबरणाऱ्या माणसाला थोडं बरं वाटतं, म्हणून बनावट कॉइल (डोक्याला लावायचा मशीनचा चुंबकाचा भाग) लावून तुलना केल्याशिवाय त्या निकालांना अर्थ नाही.

तीन बैठका? नैराश्यात नेहमीचा क्रम आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. जतहून रोज मिरजेला ये-जा करणाऱ्याने एसटीचा हिशोब आधी मांडावा.

साइड इफेक्ट शून्य नाहीत. डोकं दुखतं, टाळूला टोचतं. क्वचित फिट येते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल तर बहुधा नकोच. मेसेजखाली कुणीतरी ‘हा तर शॉक’ असंही लिहिलंय. तेही चूक. शॉकला, म्हणजे ईसीटीला, भूल लागते. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती सक्तीचीच केली आहे. टीएमएसमध्ये पेशंट जागा, खुर्चीत बसलेला.

सगळ्यात घातक ओळ शेवटची. घाबरेपणासाठी कित्येकांना क्लोनाझेपाम चालू असते. रोजची गोळी एकदम सोडली तर फिट येऊ शकते, आणि टीएमएसचाही मोठा धोका फिटचाच. म्हणजे हा मेसेज पेशंटला नेमकं तेच करून मशीनखाली बसायला सांगतो! चिंता आणि नैराश्यावरची एस्सिटालोप्राम अचानक थांबवली तरी चक्कर, चिडचिड, झोप उडणं होतं. एस्सिटालोप्रामसारखी गोळी आणि भीतीला हळूहळू सामोरं जायला शिकवणारी सीबीटी ही बोलण्यातून होणारी थेरपी, हेच आजही पहिले उपचार आहेत. गोळी कमी करायचीच असेल तर ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना विचारून, टप्प्याटप्प्याने.