पहिलं खातं काढणाऱ्या बाईने चेक आणायचा कुठून?

दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय, लांबलचक होणार आहे, वेळ असेल तरच वाचा. सेव्हिंग्ज अकाउंट काढायला आलेल्या माणसाचे रोख पैसे घ्यायला बँक नाही म्हणूच कशी शकते? बाकी सगळं नंतर, आधी मला कोणीतरी एवढं सांगा.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी ठाण्यातल्या लोकमान्य नगरहून येतात, पाचपाखाडीत सकाळपासून चार-पाच घरची कामं करतात. आजवर त्यांचे पैसे मुलाच्या खात्यात नाहीतर घरात डब्यात. या महिन्यात भिशी लागली आणि त्यांनी ठरवलं की आता स्वतःच्या नावाचं खातं काढायचं. मला म्हणाल्या, ताई, तुम्ही नुसतं बरोबर या, फॉर्म इंग्रजीत असतो. त्यांच्या घरी जायच्या वाटेवर एका खाजगी बँकेची शाखा आहे, तिथे गेलो. आधार, पॅन, फोटो, सगळं होतं. मशीनवर बोट ठेवलं तर पहिल्यांदा उमटलंच नाही, कणीक मळून मळून रेषा पुसट झाल्यात, पदराला बोट पुसून परत दाबून ठेवलं तेव्हा कुठे स्क्रीनवर फोटो आला. मग पर्समधून दहा हजार काढले, पाचशेच्या आणि शंभरच्या नोटा, वेगवेगळे रबर लावून. आणि समोरचा मुलगा म्हणतो, कॅश नाही चालणार मॅडम, पहिलं पेमेंट चेकने द्या नाहीतर ऑनलाइन, कस्टमरच्या स्वतःच्या अकाउंटमधून.

स्वतःच्या अकाउंटमधून! अरे, ते काढायलाच आलोय ना आम्ही! चेकबुक खातं उघडल्यावर मिळतं, आधी नाही. मी म्हटलं मग तुमच्या त्या कॅश भरायच्या मशीनमध्ये टाकतो, तर त्याला अकाउंट नंबर लागतो, आणि अकाउंट सुरू होणार पहिले पैसे आल्यावर. म्हणजे ज्याचं आधीपासून कुठेतरी खातं आहे त्यालाच इथे खातं मिळणार. आणि ज्याचं कुठेच नाही त्याने काय करायचं?

मग तो म्हणाला मॅडम, तुम्हीच तुमच्या मोबाईलवरून टाका आणि यांच्याकडून कॅश घ्या, खूप जण तसंच करतात. मी नाही केलं. मावशींच्या पासबुकात पहिली ओळ माझ्या नावाची का यावी? पैसे त्यांचे, पहाटे उठून पोळ्या लाटून मिळवलेले, भिशीत महिनोन्महिने घातलेले, आणि नोंद कायमची अशी की ते माझ्याकडून आले. मुलाच्या खात्यातून बाहेर पडायचं म्हणून बाई इथवर आली आणि आता परत दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यातून तिने आत यायचं? हे मला पटलं नाही, पटणारही नाही.

हो, माहितीये, काळा पैसा, खोट्या नोटा, केवायसी, सगळं माहितीये. मोठी रोख भरली की पॅन लागतं, लागू दे, बरोबरच आहे ते. बँकेत न जाता ऑनलाइन खातं उघडणाऱ्याचे पहिले पैसे त्याच्याच केवायसी झालेल्या दुसऱ्या खात्यातून यावेत असं रिझर्व्ह बँक सांगते, तेही समजू शकते, कारण समोर माणूसच नसतो. पण मावशी समोर बसल्या होत्या! बोट उमटलं होतं, फोटो जुळला होता, आणि नोटा मोजायचं, खोट्या पकडायचं मशीन दोन पावलांवर कॅशियरकडे घरघरत होतं. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 26 प्रमाणे ती नोट देशात कुठेही वैध चलन आहे, आणि ती चालत नाही कुठे, तर बँकेत?

त्या मुलावर मात्र राग नाही माझा. पंचविशीचा असेल, त्याला स्क्रीनवर जे ऑप्शन दिसतात तेच तो सांगणार, कॅशचं ऑप्शनच नव्हतं तिथे, त्याने मला स्क्रीन वळवून दाखवली. मावशींना पाणी आणून दिलं, दोनदा सॉरी म्हणाला. टार्गेटं असतात बिचाऱ्यांना. राग आहे तो हे असं ठरवणाऱ्यांवर, ज्यांच्या ओळखीत बिनखात्याचं एकही माणूस नसावं.

आणि सगळ्यात जास्त राग याचा की जे सांगायला हवं होतं ते कोणी सांगितलंच नाही. बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट नावाचा प्रकार 2012 पासून आहे, प्रत्येक बँकेने तो द्यायचाच आहे, खाजगीनेसुद्धा. मिनिमम बॅलन्स नाही, उघडताना पैसे भरायची सक्ती नाही, एटीएम कार्ड फुकट. तिथे आमच्यासमोर सरकवला तो दहा हजार मिनिमम बॅलन्सवाल्या खात्याचा फॉर्म. मी बेसिकचं नाव काढल्यावर तो मुलगा आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, इथे नाही करत मॅडम, सरकारी बँकेत जा. ऑगस्ट 2025मध्ये एका बड्या खाजगी बँकेने शहरातल्या नव्या खात्यांना महिन्याची सरासरी शिल्लक 50,000 करून टाकली होती, लोक ओरडले तेव्हा 15,000वर आली, आठवतंय ना? त्यांना मावशी नकोच आहेत, स्पष्ट बोलायचं तर.

रोखीचा एवढा विटाळ कशासाठी? जांभळी नाक्यावर जाऊन बघा, पिग्मी एजंट संध्याकाळी गाळ्यागाळ्यावरून रोखच गोळा करत फिरतो, पतपेढ्या त्यावर उभ्या राहिल्या. यूपीआय आहे की, म्हणाल. आहे, मीही भाजीवाल्याला तेच करते. पण त्याला ती क्यूआर कोडची पाटी लावायला आधी खातं लागलंच ना?

बाहेर आल्यावर मावशी नोटांना परत रबर लावत म्हणाल्या, जाऊ दे ताई, परत भिशीतच घालते, तिथे कोणी काही विचारत नाही. चिडल्याही नाहीत हो. मला त्याचंच जास्त लागलं, कारण त्यांनी धरूनच टाकलं की आपलंच काहीतरी कमी पडलं. भिशी बुडाली तर कोणाकडे जाणार त्या? बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, भिशीला काय असतं?

तर आता मी जाऊ देणार नाहीये. सोमवारी परत जाणार आणि बेसिक खातं का देत नाही ते मॅनेजरकडून लेखी मागणार. लेखी तक्रार करायची, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती 14448 या फोन नंबरवर मिळते, तुमच्याकडच्या मावशींसाठीही लिहून ठेवा. आणि लोकमान्य नगर, सावरकर नगर, वर्तक नगर या पट्ट्यात कुठल्या शाखेने तुमच्या ओळखीत कोणाचं रोख घेऊन किंवा झिरो बॅलन्सवर खातं काढून दिलं असेल तर कमेंटमध्ये शाखा सांगा. दुपारी दोननंतर जमेल अशी हवी, त्याआधी मावशींची कामं असतात.