बिल शून्य आले, तरी बचत दिसेना
बाहेरचा चहा आणि हॉटेलचे जेवण कमी केले की महिन्याकाठी शिल्लक पडते, हे घरखर्चातील बचतीवरच्या तुमच्या लेखातले म्हणणे मान्य आहे; पण आमच्या बेळगावात, निदान शहापुरातल्या आमच्या घरी, खरी गळती विजेच्या मीटरपाशी सापडली. कर्नाटक सरकारच्या घरगुती मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत 2022-23 मधल्या आपल्या सरासरी वापरानुसार मोफत युनिट ठरतात, त्यापुढचे 200 पर्यंतचे युनिट विकत घ्यावे लागतात आणि महिन्याला 200 ओलांडले की संपूर्ण बिल भरावे लागते, हे आम्हाला एका उन्हाळ्यात बिल हातात पडल्यावर समजले. 2000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जाते, हे गणित मुलाने वहीत मांडून दाखवले, तेव्हा सासूबाईंनी माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला. (चिंचेने घासण्याचे काम मात्र माझ्याकडे आले.) आता बिल शून्यावर राहते.

तरीही पहिले काही महिने वाचलेले पैसे दिसेनात, कारण ते किरकोळ किराणा खरेदीत विरघळत होते. म्हणून घरातल्या कर्त्या स्त्रीला दरमहा मिळणारे सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये जमा झाले की लगेच पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत भरते. सरकारकडून येणारा हा हप्ता लांबला तर त्या महिन्यापुरते घरखर्चातून काढते. महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे खानापूरला माहेरी जाण्याचे तिकीट वाचते खरे, परंतु बस फुकट म्हणून फेऱ्या वाढल्या आणि प्रत्येक फेरीला हातात मिठाईचा पुडा आलाच, तो हिशेब लेखात कुठेच नाही.